एका वाद्यवृंदाची तेरा वर्षे

तेरखेड्यात 'बँड' म्हटले की वरातीपुढचा बँड डोळ्यांपुढे येतो. सुपारी घ्यायची, मंडळी सांगतील ती सिनेमातली गाणी वाजवायची, वरात दारात पोचली की वाद्ये टेम्पोत भरायची. वाचकहो, ज्या बँडची हकीकत मी सांगणार आहे त्याने मात्र हट्ट धरला, की गाणी आपली आपणच रचायची. या हट्टापायी तो मोठा झाला आणि, माझ्या मते, त्याच्यापायीच मोडला.

1984 साली मुंबईत 'रॉक मशीन' हा संच उभा राहिला. गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया ही त्यातली ठळक नावे. आता रॉक म्हणजे काय, तर विजेच्या गिटारी आणि ड्रम यांचे जोरकस संगीत. त्याची एक शाखा 1960 नंतरच्या दशकाअखेरीस इंग्लंडात फुटली, तिला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. गाणे तीन मिनिटांत न आटोपता वाढवीत न्यायचे, मध्येच ताल बदलायचा, वाद्यांना ऐसपैस जागा द्यायची. ख्यालाची बढत ऐकणाऱ्याला हे अगदीच परके वाटू नये. आपला संच अस्सल त्या पंथातला नव्हे. पण त्याचा ओढा पुढे तिकडे गेला.

सुरुवातीला ही पोरेही विलायती गाण्यांच्या नकलाच वाजवीत. कॉलेजांतल्या श्रोत्यांना तेच हवे असे. 1988 साली 'रॉक अँड रोल रेनेगेड' ही स्वतःच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका निघाली. 1993 मध्ये नाव बदलून 'इंडस क्रीड' झाले आणि त्याच सप्टेंबरात 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीचा आशियाई प्रेक्षक-पसंतीचा पुरस्कार मिळाला. आपल्या जिल्ह्यात ही वार्ता कोणाच्या कानी असणार? महिनाअखेरीस, 30 तारखेच्या पहाटे, भूकंप झाला. मी तेव्हा शाळकरी होतो. त्या दिवसांतले मला दुसरे काही आठवत नाही.

पुढे वारे फिरले. 1994 मध्ये चॅनल व्ही आले, 1996 मध्ये एमटीव्हीची भारतीय वाहिनी आली, आणि संगीत-वाहिन्या हिंदीकडे वळल्या. 1995 साली यांची 'इंडस क्रीड' ही ध्वनिमुद्रिका निघाली, पण त्याच वर्षी गाजले ते अलिशा चिनॉयचे 'मेड इन इंडिया'. यांची गाणी इंग्रजी. मग देशी भाषेत का नाही गायले, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. 1978 च्या 'तीन पैशाचा तमाशा'त नंदू भेंडे यांनी हा बाज मराठीत बसवून दाखवला होता. पण ज्याला गाणे सुचते तेच मुळी इंग्रजीत, त्याने बाजारासाठी भाषा बदलली तर वरातीच्या बँडात आणि त्याच्यात फरक तो काय राहिला?

1997 साली संच फुटला. बेनेगल पुढे न्यूयॉर्कला गेले. 2010 मध्ये वर सांगितलेले तिघे पुन्हा जमले, जोडीला नवे वादक घेतले आणि 2012 साली 'इव्हॉल्व्ह' ही ध्वनिमुद्रिका काढली. गाणी पुन्हा स्वतःचीच, आणि पुन्हा इंग्रजीच.