सुटकेनंतरचे उपचारसातत्य : व्यसनाधीन व मनोरुग्ण बंद्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
कारागृहातून होणारी सुटका ही शिक्षेची समाप्ती मानली जाते. व्यसनाधीनता व मानसिक आजार या दोहोंनी ग्रस्त असलेल्या बंद्यांच्या बाबतीत मात्र सुटकेनंतरचे पहिले काही दिवस अत्यंत धोक्याचे असतात. या धोक्याची कारणे व त्यावरील उपाय यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

धोक्याचे स्वरूप :
अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या कारागृहांतून १९९९ ते २००३ या काळात सुटलेल्या ३०,२३७ व्यक्तींचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर नागरिकांच्या १२.७ पट, तर अमली पदार्थांच्या अतिमात्रेमुळे होणाऱ्या मृत्यूचा धोका १२९ पट आढळला. अफूजन्य पदार्थ दीर्घकाळ न घेतल्यास ते सोसण्याची शरीराची क्षमता घटते. अशा वेळी पूर्वीचीच मात्रा घेतल्यास श्वसन मंदावून मृत्यू ओढवतो. मनोविकारावरील औषधे अचानक खंडित झाल्यास आजार बळावतो व रुग्ण पुन्हा नशेकडे वळण्याचा संभव असतो. म्हणूनच दोन्ही आजारांवर एकत्रित उपचार आवश्यक ठरतात.

भारतीय परिस्थिती :
राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशातील सुमारे ७६ टक्के बंदी न्यायाधीन होते. त्यांना जामीन केव्हा मिळेल हे आधी सांगता येत नाही. परिणामी सुटकेची तारीख गृहीत धरून केलेले नियोजन येथे अपुरे पडते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील कलम १०३ हे कारागृहातील मनोरुग्णांच्या उपचारांविषयी आहे, तर कलम ९८ रुग्णालयातून घरी जाणाऱ्या रुग्णाच्या पुढील उपचारांचे नियोजन करण्यास सांगते. हेच तत्त्व कारागृहाच्या दारापर्यंत नेणे गरजेचे आहे.

उपाययोजना :
१) कारागृहात प्रवेश होताच दोन्ही आजारांची तपासणी करून पुढील उपचारांचा आराखडा तयार ठेवावा.
२) सुटकेच्या वेळी उपचारपत्र व काही दिवस पुरतील इतकी औषधे हाती द्यावीत.
३) घटलेल्या सहनशक्तीचा धोका बंद्यास व त्याच्या कुटुंबीयांस स्पष्टपणे समजावून सांगावा.
४) जिल्हा रुग्णालयातील पहिल्या भेटीस समाजकार्यकर्त्याने सोबत जावे. टेली मानसचा १४४१६ हा क्रमांकही द्यावा.

समारोप :
टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून बंद्यांच्या पुनर्वसनासाठी कार्यरत आहे. महाविद्यालयांतील मानसशास्त्र व समाजकार्य विभागांनीही क्षेत्रकार्यात या विषयाचा समावेश करावा. न्यायालयाने दिलेल्या शिक्षेत उपचारांपासून वंचित राहणे अंतर्भूत नसते; म्हणून सुटकेनंतरचे उपचार हा दयेचा नव्हे, तर हक्काचा प्रश्न होय.