अळीची कात अडवणारी निंबोळी

हरभऱ्यावर काल संध्याकाळी निंबोळी अर्क फवारला आणि आज सकाळी शेतात जाऊन पाहिलं, तर पहिल्यांदा निराशाच पदरी पडते. अळ्या जिवंत आहेत! काडी लावली तर वळवळतायत. बाजारातल्या जहाल औषधाने एव्हाना त्यांचा सडा पडला असता. मग फवारणी वाया गेली का?

जरा वाका आणि एक डहाळी डोळ्यांजवळ धरा. पानाची काल कुरतडलेली कड आजही तिथेच थांबली आहे. विष्ठेचे ताजे दाणे जवळपास दिसत नाहीत. अळी पानावर बसून आहे, पण पान खात नाही. भरल्या ताटावर उपाशी!

असं का व्हावं? अळीच्या तोंडाशी चव घेणारी अगदी बारीक इंद्रियं असतात. त्यांतल्या काही पेशी साखर ओळखून ‘खा’ म्हणतात, तर काही नकोशा पदार्थाची चाहूल लागताच ‘थांब’ म्हणतात. निंबोळीच्या मगजात ॲझाडिरॅक्टिन नावाचं द्रव्य असतं. बऱ्याच किडींमध्ये ते ‘थांब’वाल्या पेशींना चेतवतं आणि ‘खा’वाल्यांना गप्प करतं. समोर अन्न आहे, पण खायची इच्छाच उरत नाही.

सुदानमध्ये १९५९ साली हे फार मोठ्या प्रमाणावर दिसलं. टोळधाड आली आणि तिने दिसेल ती हिरवाई फस्त केली. जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिश श्मुटरर यांनी पाहिलं, की टोळ कडुनिंबावरही उतरत होते, पण न खाताच उडून जात होते. दिल्लीत १९६२ साली भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या प्रधान यांनी निंबोळीचा मगज कुटून पाण्यात कालवला आणि वेगवेगळ्या पिकांवर फवारला. टोळ त्या पिकांवर बसले, पण त्यांनी पानाला तोंड लावलं नाही. म्हणजे कडुनिंबाचं संरक्षण पाण्यात उतरवून दुसऱ्या झाडाला देता येत होतं!

पण सगळ्याच किडी टोळाइतक्या चोखंदळ नसतात. काही अळ्या फवारलेलं पानही खातात. त्यांच्यासाठी या द्रव्याकडे दुसरा डाव आहे, आणि तो तर पहिल्याहूनही विलक्षण आहे.

अळीची कातडी तिच्याबरोबर हवी तशी वाढत नाही. मूल वाढतं आणि शाळेचा सदरा तेवढाच राहतो, तशी तिची गत होते. म्हणून तिला पुन्हा पुन्हा कात टाकावी लागते. कात कधी टाकायची, हे एक्डायसोन नावाचं संप्रेरक ठरवतं. योग्य वेळी, योग्य प्रमाणात ते अंगात पाझरलं की जुनी कातडी सुटते आणि खाली नवी तयार असते. पोटात गेलेलं ॲझाडिरॅक्टिन नेमका हा पाझर बिघडवतं. अळीला वाढायचं असतं, पण कात टाकण्याचा निरोपच नीट येत नाही. काही अळ्या अर्धवट निघालेल्या कातेत अडकून मरतात. ज्या जगतात त्या खुरटतात, आणि त्यांना पुढे धड अंडीही घालता येत नाहीत. हे सगळं घडायला काही दिवस लागतात. फवारणीनंतर दुसऱ्या दिवशी अळ्या मेलेल्या का दिसत नाहीत, त्याचं उत्तर हेच!

हे द्रव्य आहे तरी काय? कार्बनचे ३५, हायड्रोजनचे ४४ आणि ऑक्सिजनचे १६ अणू. १९६८ साली ते इंग्लंडमध्ये वेगळं काढलं गेलं, पण त्याची रचना पक्की व्हायला १९८५ उजाडलं. ते प्रयोगशाळेत मुळापासून घडवायला केंब्रिज विद्यापीठात स्टीव्हन ले यांच्या गटाला २२ वर्षं लागली. २००७ साली ते जमलं, तेव्हा पायऱ्या झाल्या होत्या ७०हून जास्त. आणि आपल्या बांधावरचं झाड दर उन्हाळ्यात हेच द्रव्य निंबोळ्यांत भरून त्यांचा खाली सडा घालतं!

मात्र त्याची एक अडचण आहे. ऊन लागलं की ते पानावर काही दिवसांतच विरतं. पाण्यात कालवल्यावरही फार टिकत नाही. पण जे पानावर रेंगाळत नाही, ते भाजीतून आपल्या ताटातही सहसा येत नाही. बीमध्ये मात्र ते महिनोन्‌महिने सुरक्षित असतं. म्हणून बी साठवायचं आणि अर्क लागेल तेव्हा ताजा करायचा. घरी करणं ही इथे नुसती काटकसर नाही, या द्रव्याचा स्वभावच तसा आहे.

गच्चीवरच्या कुंड्यांसाठी वाळलेल्या निंबोळ्यांची ५० ग्रॅम पावडर पुरते. ती करायला बी खलबत्त्यात हलक्या हाताने कुटा, तेल सुटू देऊ नका. पावडर पेलाभर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी फडक्यातून पिळून घ्या. दुधासारखं पांढरं पाणी निघेल. त्यात चिमूटभर साबणाचा चुरा विरघळवून एकूण एक लिटर पाणी करा. साबण कशाला? पानावर मेणाचा पातळ थर असतो, त्यावरून नुसतं पाणी ओघळून जातं. साबणामुळे ते पसरतं. त्याच संध्याकाळी, ऊन उतरल्यावर आणि मधमाश्या परतल्यावर, पानाच्या खालच्या बाजूलाही लागेल असं फवारा. मावा आणि कोवळ्या अळ्या तिथेच लपतात. शेतासाठी प्रमाण हेच: १०० लिटरला पाच किलो.

पण झाडातून आलं म्हणून ते निरुपद्रवी, असं समजू नका. तंबाखूचा काढाही झाडाचाच, तरी त्यातलं निकोटिन थेट मज्जातंतूंवर घाला घालतं आणि माणसाच्या त्वचेतूनही आत शिरतं. तो घरी करूच नये. निंबोळीचा अर्क आणि तेलही लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

आता वेळेचा मेळ पाहा. निंबोळ्या पिकून गळतात त्या पावसाच्या तोंडावर. गर धुऊन बी सावलीत वाळवलं आणि हवेशीर पोत्यात ठेवलं, तर तीन ते आठ महिन्यांच्या बीमध्ये हे द्रव्य सर्वांत चांगलं मिळतं. म्हणजे हरभऱ्याला फुलं धरून घाटेअळी येते, नेमका तोच काळ! तेव्हा या जूनमध्ये झाडाखालचा सडा केरात लोटू नका. टोपली घेऊन वेचायला बसा.