नवे ग्रंथ, सर्व वयाचे वाचक : सार्वजनिक ग्रंथालयाची कार्यपद्धती

सार्वजनिक ग्रंथालयात नवीन पुस्तके दाखल झाली, की प्रवेशद्वाराजवळील फलकावर त्यांची यादी लावण्यात येते. बालकांसाठी चित्रमय गोष्टी, युवकांसाठी परीक्षोपयोगी ग्रंथ, शेतकऱ्यांसाठी फळबागेवरील पुस्तिका, ज्येष्ठांसाठी चरित्रे असे तिचे स्वरूप असते. वरकरणी साध्या वाटणाऱ्या या यादीमागे कायदा, निधी, ग्रंथनिवड आणि मनुष्यबळ हे चार घटक कार्यरत असतात. यांपैकी एक घटक जरी दुबळा असला, तरी पुस्तक ग्रंथालयात येत नाही किंवा येऊनही कपाटात बंद राहते. या चारही घटकांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

घटनात्मक व कायदेशीर चौकट

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या नोंद क्रमांक १२ नुसार ग्रंथालये हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. कोलकाता येथील राष्ट्रीय ग्रंथालयासारख्या राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्था मात्र संघसूचीच्या नोंद क्रमांक ६२ मध्ये येतात. या विभागणीमुळे सार्वजनिक ग्रंथालयांसाठी देशभर एकच कायदा नाही. प्रत्येक राज्याने आपापला कायदा करावयाचा असतो आणि सर्वच राज्यांनी तो केलेला नाही.

देशातील या स्वरूपाचा आरंभीचा कायदा कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये केला. स्वातंत्र्यानंतरचा पहिला कायदा १९४८ चा मद्रास सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम होय. त्यामागे डॉ. एस. आर. रंगनाथन यांचे प्रदीर्घ प्रयत्न होते. या कायद्याने मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आकारण्याची तरतूद केली. आंध्र प्रदेश (१९६०), कर्नाटक (१९६५) आणि केरळ (१९८९) या राज्यांनीही उपकराचा मार्ग स्वीकारला. महाराष्ट्राच्या १९६७ च्या अधिनियमात उपकर नाही. येथे लोकांनी स्थापन केलेल्या ग्रंथालयांना शासन मान्यता देते आणि अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार अनुदान देते. अशा शासनमान्य ग्रंथालयांची संख्या दहा हजारांहून अधिक आहे.

दोन्ही पद्धतींचे गुणदोष परीक्षार्थींनी लक्षात घ्यावेत. उपकरामुळे ग्रंथालयाला हक्काचे उत्पन्न मिळते. परंतु स्थानिक संस्थेने वसूल केलेली रक्कम वेळेवर वर्ग केली, तरच त्याचा उपयोग होतो. अनुदान पद्धतीत लोकसहभाग टिकतो; मात्र ग्रंथखरेदी अनुदानाच्या हप्त्यांवर अवलंबून राहते. हप्ता लांबला, की प्रथम कात्री लागते ती नव्या पुस्तकांना.

बडोद्याचा धडा

लोकसहभाग आणि शासकीय निधी यांची सांगड बडोदे संस्थानाने फार पूर्वी घातली होती. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. तथापि शाळा सोडल्यावर हाती पुस्तक आले नाही, तर मिळवलेली साक्षरता विरून जाते, हे त्यांनी ओळखले. त्यामुळे १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथालयतज्ज्ञ विल्यम बोर्डन यांना पाचारण करून ग्रंथालयांचे जाळे उभारण्यास प्रारंभ झाला. गावकऱ्यांनी जमविलेल्या वर्गणीइतकीच भर प्रांत पंचायत व संस्थान सरकार घालत असे. जेथे ग्रंथालय नव्हते, तेथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या पाठविण्यात येत.

नवे पुस्तक येते कोठून?

१९५४ च्या ग्रंथ प्रदान अधिनियमानुसार प्रकाशकाने प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत प्रकाशनापासून तीस दिवसांच्या आत विनामूल्य सादर करावयाची असते. १९५६ मध्ये वृत्तपत्रांचाही त्यात समावेश झाला. तथापि या प्रती केवळ कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कन्नेमारा ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांनाच मिळतात. गावातील ग्रंथालयाला या कायद्याने पुस्तक मिळत नाही, ही बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही.

स्थानिक ग्रंथालयाचे मार्ग वेगळे आहेत. पहिला मार्ग स्वतःच्या खरेदीचा. त्यासाठी वर्गणी, देणगी, उपकर किंवा अनुदान वापरले जाते. दुसरा मार्ग राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाचा. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या अधीन असलेली ही स्वायत्त संस्था १९७२ मध्ये कोलकाता येथे स्थापन झाली. तिच्या समान निधी योजनांत राज्याचा व प्रतिष्ठानाचा वाटा एकत्र येतो; असमान निधी योजनांत राज्याच्या वाट्याची अट नसते. बालविभाग, महिला विभाग, ज्येष्ठ नागरिक विभाग, नवसाक्षर विभाग तसेच दिव्यांगांसाठीचा विभाग यांकरिता प्रतिष्ठान साहाय्य करते.

प्रत्येक वयाचा वाचक

सर्व वयांसाठी पुस्तके म्हणजे एकाच कपाटात सर्व काही, असे नव्हे. लहान मुलाला त्याच्या उंचीची मांडणी आणि मोठी चित्रे लागतात. नवसाक्षर प्रौढाला ठळक अक्षरे व सोपी वाक्ये हवी असतात, परंतु विषय बालिश चालत नाही. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टने बालके व नवसाक्षर या दोन्ही गटांसाठी विविध भारतीय भाषांत स्वस्त पुस्तके काढली. त्याच वर्षी व्यंगचित्रकार शंकर यांनी चिल्ड्रन्स बुक ट्रस्टची स्थापना केली.

जो वाचक ग्रंथालयात येऊ शकत नाही, त्याचे काय? दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय युनेस्कोच्या सहकार्याने १९५१ मध्ये सुरू झाले. फिरती वाचनालये व ब्रेल विभाग यांद्वारे ते वस्त्यांपर्यंत व दृष्टिहीनांपर्यंत पोहोचले. केरळमध्ये पी. एन. पणिक्कर यांनी १९४५ पासून संघटित केलेल्या चळवळीतून ग्रामीण ग्रंथालये उभी राहिली. तेथे महिला व ज्येष्ठांना घरपोच पुस्तके देण्याचाही उपक्रम झाला. २०१२ च्या स्वामित्वहक्क दुरुस्तीमुळे मुद्रित मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकांचे सुगम स्वरूपात रूपांतर करणे कायदेशीर ठरले. २०१४ मध्ये मराकेश कराराला अनुसमर्थन देणारा भारत पहिला देश ठरला आणि २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हा ऑनलाइन संग्रह सुरू झाला.

पुस्तक आणि वाचक यांमधील दुवा

ग्रंथालयात आलेल्या पुस्तकाला दाखल क्रमांक मिळतो, त्याचे वर्गीकरण व तालिकीकरण होते आणि मगच ते देवघेव विभागात येते. प्रशिक्षित ग्रंथपाल नसेल, तर हे काम महिनोन्महिने रेंगाळते. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सिद्धांतांचा आशय नेमका येथे लागू पडतो : ग्रंथ वापरासाठी असावेत, वाचक व ग्रंथ यांची गाठ पडावी, वाचकाचा वेळ वाचावा आणि संस्था सतत वाढत राहावी. या निकषावर किती पुस्तके आली यापेक्षा किती वाचली गेली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

आणखी एक प्रश्न थेट परीक्षार्थींशी निगडित आहे. अनेक ग्रंथालयांचे रूपांतर हळूहळू अभ्यासिकेत होत आहे. विद्यार्थी स्वतःची पुस्तके घेऊन येतात, जागा वापरतात आणि कपाटांकडे न पाहता परततात. शांत जागा ही त्यांची खरी गरज आहे, हे मान्यच करावे लागेल. परंतु त्यासाठी बालविभागाची खोली गेली, तर दहा वर्षांनंतरचा वाचक आजच गमावला जातो. जागेचे व वेळेचे नियोजन करून दोन्ही गरजा भागविणे शक्य आहे.

२०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पंचायत व प्रभाग स्तरावर ग्रंथालये उभारण्यास राज्यांना प्रोत्साहन देण्याचे जाहीर करण्यात आले. इमारती उभ्या राहतीलही. परंतु नियमित निधी, विचारपूर्वक निवड आणि प्रशिक्षित ग्रंथपाल यांवरच त्यांचे यश अवलंबून राहील. परीक्षार्थींना यात एक लहानसा वाटा उचलता येईल. जवळच्या ग्रंथालयातील मागणी नोंदवहीत हव्या असलेल्या ग्रंथाचे नाव लिहावे आणि शेजारच्या एखाद्या मुलाला बालविभागापर्यंत सोबत न्यावे. वाचकांनी मागितलेले पुस्तक सहसा कपाटात पडून राहत नाही.