बाळाला घेऊन विमानात बसताना

मागच्या आठवड्यात आपल्या केंद्रावर एका ताईंचा फोन आला. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, जावई दिल्लीला नोकरीला. बाळ आता पाच महिन्यांचं झालंय, पुण्याहून विमानाचं तिकीट काढलंय, आणि घरात कुणीच कधी विमानात बसलेलं नाही. ताईंनी विचारलं, "बरोबर काय काय देऊ?" आमच्यातल्या तिघीजणी तान्ही बाळं घेऊन असा प्रवास करून आल्या आहेत. त्यांच्याकडून कळलेलं आज सांगतो, त्यांच्या चुकांसकट.

आधी कागद. दोन वर्षांच्या आतलं बाळ आईच्या मांडीवर बसतं, पण त्याचंही तिकीट काढावं लागतं आणि वयाचा पुरावा मागतात. जन्मदाखला सगळ्यांत चांगला. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. बारसं झालेलं नसलं तरी नोंद होते, नाव नंतर घालता येतं.

आता सामान. आपल्याकडे लेक सासरी निघाली की पिशव्या वाढतच जातात. देशातल्या बहुतेक विमानांत हातातली बॅग साधारण ७ किलोचीच चालते. तिच्यात फक्त बाळाचं ठेवा: डायपर, दोन जोड कपडे, दुपटं, टोपडं, औषध, आणि आईसाठीही एक जादा कुर्ता. बाळानं अंगावर दूध काढलं की हे पटतं! आमच्या एका मैत्रिणीनं डायपरची पिशवी मोठ्या बॅगेत घालून काउंटरवर देऊन टाकली. विमानाला तीन तास उशीर झाला, आणि शेवटी शेजारच्या अनोळखी बाईकडून डायपर मागून घ्यावे लागले. बाळाचं दूध आणि खाणं प्रवासापुरतं जवळ ठेवता येतं, तपासणीच्या वेळी ते आपणहून बाहेर काढून दाखवा. आणि आजीबाईंनी मायेनं दिलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घरीच राहू द्या. खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेतं, म्हणून विमानात चालत नाही.

बाबागाडी न्यावी का? घडीची, हलकी असेल तर न्या. तपासणीला बाळाला उचलून घ्यावं लागतं आणि गाडी यंत्रातून जाते. विमानाच्या दारापर्यंत ती वापरता येत असेल, तर तिथे चिठ्ठी लावून घेतात. पण परत कुठे देणार, दाराशी की सामानाच्या पट्ट्यावर, हे तिथेच विचारा. आमच्यातल्या दुसरीनं विचारलं नाही. उतरल्यावर खांद्यावर बॅग, कडेवर झोपलेलं बाळ, अशी ती लांबच लांब चालत गेली. त्यापेक्षा बाळाला छातीशी बांधायची पिशवी बरी, हात मोकळे राहतात.

विमान वर जाताना आणि विशेषतः खाली येताना बाळं रडतात, कारण हवेचा दाब बदलतो आणि कानात दडा बसतो. आपण आवंढा गिळतो, बाळाला ते सांगता येत नाही. म्हणून त्या वेळी अंगावर पाजा किंवा बाटली द्या. गिळलं की कान मोकळा होतो. वर गेल्या गेल्या पोटभर पाजून टाकू नका, उतरण्यासाठी थोडी भूक राहू द्या. सर्दी जास्त असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

आता पट्ट्याचं. हवाईसुंदरी एक छोटा पट्टा देते. तो आपल्या पट्ट्यात ओवून बाळाच्या कमरेला लावायचा. बाळाला आपल्याच पट्ट्याच्या आत घेऊ नका. धक्का बसला तर आपलं सगळं वजन त्याच्यावर येतं. हातांनी घट्ट धरलं की झालं, असं प्रत्येक आईला वाटतं. पण १९८९ साली अमेरिकेत सू सिटी इथे एक विमान कोसळलं. त्यात चार मुलं अशी होती की त्यांना स्वतःची जागाच नव्हती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे आयांना सांगितलं गेलं, मुलांना पायाशी जमिनीवर ठेवा. त्यातलं एक वाचलं नाही. ते सांगणारी मुख्य हवाईसुंदरी जॅन ब्राउन पुढे कित्येक वर्षं मागणी करत राहिली, की बाळालाही स्वतःची जागा आणि खुर्ची द्या. अशी खुर्ची न्यायची तर वेगळी जागा विकत घ्यावी लागते, आणि ती खुर्ची चालेल का हे कंपनीला आधी विचारावं लागतं. ते परवडत नसेल, तर निदान तो पट्टा पूर्ण वेळ लावून ठेवा, बाळ झोपलं असलं तरी. हवा शांत दिसते आणि विमान एकदम हादरतं.

आणखी एक गोष्ट आम्हाला मुद्दाम सांगायची आहे, कारण ती आईच्या मनाला पटत नाही. वरून प्राणवायूचे मास्क खाली आले तर आधी स्वतःला लावायचा, मग बाळाला. घरात आपण आधी बाळाला भरवतो, मग आपण जेवतो. इथे उलट. फार उंचावर हवेअभावी मोठ्या माणसाची शुद्धसुद्धा थोड्याच सेकंदांत जाऊ शकते, आणि शुद्ध गेली तर बाळाला मास्क लावणार कोण?

ताईंनी हे सगळं लिहून घेतलं. शेवटी विचारलं, "मग डिंकाचे लाडू?" ते द्या, पण मोठ्या बॅगेत, घट्ट झाकणाच्या डब्यात.