भुलवणारीचा भोंगा

बल्लारशाहून दक्षिणेकडे निघालेली गाडी सिरपूर कागजनगर, आसिफाबाद रोड करत बेल्लमपल्लीला पोचते. लहानपणी सुट्टीत तिथे आत्याकडे गेलो की पहिल्या पहाटे मी हमखास दचकून उठायचो. खाणीचा भोंगा सगळ्या वस्तीवरून ओरडत जायचा. आत्या डोळेही न उघडता ‘पहिली पाळी’ एवढंच पुटपुटायची आणि कूस बदलायची. तिच्या तोंडी तो भोंगा, भिंतीपलीकडच्या तेलुगू घरात मात्र ‘सैरन’. हा दुसरा शब्द मुळात ग्रीक राक्षसिणींचा आहे, हे मला फार उशिरा कळलं.

होमरच्या ‘ओडिसी’च्या बाराव्या सर्गात या सायरन भेटतात. बेटावरच्या कुरणात बसून त्या गातात आणि त्यांच्या भोवती माणसांची हाडं पडलेली असतात. ओडिसियस खलाशांच्या कानांत मेण भरतो आणि स्वतःला डोलकाठीला बांधून घेतो, कारण त्याला गाणं ऐकायचं तर आहे, पण मरायचं नाही. त्या गाण्यात रूपाचं आमिष नाही. ट्रॉयच्या युद्धात काय काय घडलं ते सगळं आम्हाला ठाऊक आहे, थांब आणि शहाणा होऊन जा, असं त्या म्हणतात. आपल्याकडची हाकामारी रात्री दाराबाहेरून नाव घेऊन हाक मारते आणि ओ दिली की माणूस संपतो. सायरन तिचीच दर्यावरची बहीण म्हणायची.

त्या दिसतात कशा, हे होमर सांगत नाही. ग्रीक चित्रकारांनी भांड्यांवर त्यांना पक्ष्याचं धड आणि बाईचं तोंड दिलं. माशाची शेपटी चिकटली ती मध्ययुगात. म्हणून आजही इटालियन आणि स्पॅनिशमध्ये ‘सिरेना’ म्हणजे मत्स्यकन्या. पुढे प्राणिशास्त्रज्ञांनीही हे नाव उचललं. अमेरिकेतल्या ईलसारख्या लांबुळक्या एका उभयचराला लिनियसने अठराव्या शतकात सायरन म्हटलं, तर १८११ मध्ये इलिगरने समुद्रगायींच्या गणाला ‘सायरेनिया’ नाव दिलं. कच्छच्या आणि मन्नारच्या आखातात गवत चरणारी आपली गलेलठ्ठ समुद्रगायही त्याच गणातली. तिला बघून कुणी जहाजावरून उडी टाकेल, असं काही वाटत नाही.

खरी कलाटणी १८१९ मध्ये मिळाली. शार्ल कान्यार द ला तूर या फ्रेंच संशोधकाने एक छोटं यंत्र केलं. हवेच्या डबीच्या झाकणाला भोकं, त्यावर तितक्याच भोकांची फिरती चकती. भोकांवर भोकं आली की हवा सुटते, सरकली की अडते. असे सेकंदाला शेकडो फुत्कार झाले की कानाला सलग सूर ऐकू येतो. चकतीचे सेकंदातले फेरे मोजले आणि भोकांच्या संख्येने गुणले की सुराची कंपनसंख्या मिळते. यंत्र सूर मोजण्यासाठी होतं, कुणाला सावध करण्यासाठी नव्हे. मात्र ते पाण्याखालीही गात असे, म्हणून त्याने त्याला त्या दर्यावरच्या गाणारणींचं नाव दिलं.

प्रयोगशाळेतला हा सूर वाफेच्या जोरावर मोठा झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धुक्यात खडकांवर आदळू नये म्हणून किनाऱ्यावरून जहाजांना सायरन ऐकवू लागले. जी जहाजांना खडकाकडे ओढायची, तिच्याच नावाने आता त्यांना खडकापासून लांब ठेवलं जाऊ लागलं. दुसऱ्या महायुद्धात ती हवाई हल्ल्याची सूचना झाली. चढउताराचा सूर म्हणजे धोका, सलग सूर म्हणजे धोका टळला. आपल्याकडे १९७१ च्या युद्धात काचांना कागद चिकटवून, मोटारींचे दिवे अर्धे काळे करून लोकांनी हा आवाज ऐकला. ७ मे २०२५ च्या नागरी संरक्षण सरावात तो पुन्हा कानी पडला.

मराठीने मात्र या परकीणीला आपल्या शब्दात सामावून घेतलं. वाफेची शिटी असो की फिरती चकती, आपल्यासाठी दोन्ही भोंगाच. मुंबईच्या गिरणगावाचं घड्याळ भोंग्यावर चाले. डबा भरणं, नळाला नंबर लावणं, पोरांची शाळा, सगळं त्याच्या हिशेबाने. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि ते घड्याळ बंद पडलं. आता राजकारणात ‘भोंगे’ म्हटलं की ध्वनिक्षेपक समजतात. शब्द तिथेही थांबलेला नाही.

बेल्लमपल्लीच्या कोळशाला १९२७ च्या सुमारास हात लागला. सिंगरेणी कोळसा कंपनीचा हा पट्टा आदिलाबाद जिल्ह्यात होता, २०१६ पासून तो मंचेरियालमध्ये मोडतो. तिथले कामगार खाणीला ‘बोग्गु बायि’ म्हणतात, म्हणजे कोळशाची विहीर. भोंगा झाला की माणसं त्या विहिरीत उतरायची. आत्याचे यजमान, म्हणजे मामा, टोपी आणि डबा घेऊन निघाले की ती दारात उभी राहायची, आणि ते दिसेनासे झाले की तडक चुलीकडे वळायची. पाळीच्या भोंग्याला ती कधी दचकली नाही. पण वेळ नसताना कुठूनही तसा आवाज आला, अगदी रुग्णवाहिकेचा का असेना, की तिचा हात पिठात थांबायचा आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जायची. पगाराच्या आशेने खाली बोलावणारा आणि काळीज थांबवणारा सूर तिच्या कानात एकच होता. होमरची सायरन तिथे पुरती बदललेली नव्हती.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. तो झाला की गावाने टीव्ही आणि मोबाइल बंद करायचे, पोरांनी अभ्यासाला बसायचं, ते साडेआठपर्यंत. शहाणं करून सोडते असं सांगत माणसाला जागेवर खिळवणारी आजची गाणारीण प्रत्येकाच्या खिशात आहे. कानात मेण घालण्याचं काम वडगावने सायरनवरच सोपवलंय.