नवी पेटी आणि रिकामी पेटी

आंबिया बहार तोडणीस आला, म्हणजे पांढुर्णा-सौंसरकडील बागांतून संत्र्यांच्या पेट्या भरू लागतात. अमक्या पेटीत काय आहे, असे हिशेबनिसाला विचारले, तर तो वहीची पाने उलट चाळीत जातो. इतर पेट्यांच्या नोंदी तो सोडून देतो. त्या पेटीची नोंद सापडली, की थांबतो. पेटी सुताराकडून नुकतीच आल्याचे आढळले, तर त्यामागची पाने पाहण्याचे प्रयोजनच उरत नाही.

संगणकातील कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरविणारा दुभाषी, हेच करतो. स्मृतीतून एखादी किंमत वाचावयाची असता ती तेथे कोणी लिहिली, याचा तो मागे मागे जाऊन शोध घेतो. ती आधीच कळली, तर वाचनाची आज्ञा गाळता येते आणि काम लवकर होते. मुंबईच्या आय. आय. टी.चे पदवीधर विक्रम आडवे आणि त्यांचे विद्यार्थी क्रिस लॅटनर यांनी २००० साली इलिनॉय विद्यापीठात आरंभिलेल्या एल. एल. व्ही. एम. प्रकल्पात या शोधासाठी स्वतंत्र विभागच आहे.

घोटाळा होतो तो स्मृतीत जागा मागणाऱ्या फलनांपाशी. सी भाषेतील 'मॅलॉक' नवी जागा देते. तीत काय असेल, याची हमी नसते. 'कॅलॉक' ती शून्यांनी भरून देते. 'स्ट्रडप'ही नवीच जागा देते, पण जुन्या मजकुराची नक्कल तीत उतरवून. 'रिअ‍ॅलॉक' तर जागा बदलली तरी जुना ऐवज बरोबर नेते. आता नवी ती रिकामीच, असे कंपायलरने धरले, तर भरलेली पेटी तो रिकामी ठरवील आणि वाचन गाळून भलतीच किंमत पुढे करील. मूळ आज्ञावली निर्दोष, उत्तर मात्र चुकीचे! वेग वाढविणारी ही क्रिया बंद करताच उत्तर पुन्हा बरोबर येते. असल्या दोषाचा माग काढताना भलेभले थकतात.

यावर इलाज म्हणजे दोन प्रश्न निराळे ठेवणे. ही जागा दुसऱ्या कोणाशी सामाईक आहे काय, हा एक. आणि आरंभी तीत काय असते, हा दुसरा. 'मॅलॉक'पाशी उत्तर अनिश्चित, 'कॅलॉक'पाशी शून्य. 'स्ट्रडप'पाशी मात्र किंमत येथे लिहिली गेली, पण ती ठाऊक नाही, एवढेच नोंदवून थांबावयाचे आणि वाचन जसेच्या तसे राहू द्यावयाचे. त्यात क्षणाचा काही अंश वाया जातो, तो जाऊ द्यावा.