चौघांचा मुलूख

मीरा-भाईंदरची नगरपरिषद ज्या वर्षी, म्हणजे १९८५ साली, अस्तित्वात आली, त्याच वर्षी जपानमधील निन्टेन्डो कंपनीने ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. आणि मिठागरांच्या कडेने वाढत वाढत ही नगरी २००२ साली महानगरपालिकेच्या पदवीस पोचेपर्यंत, गिरगाव, लालबाग, परळ येथल्या चाळी सोडून लोहमार्गाने उत्तरेकडे वस्तीस आलेल्या मराठी कुटुंबांतील मुलांच्या एका पिढीचे बालपण त्या खेळाच्या आणि त्याच्या भावंडांच्या सहवासात सरून गेले होते. त्या भावंडांपैकी ज्याच्या वाट्यास कौतुक सर्वांत कमी आले, आणि माझ्या मते जो कौतुकास सर्वांत अधिक पात्र होता, त्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ चा हा मागोवा आहे. भाईंदर पूर्वेस इंद्रलोकमधील आमच्या घरी गेल्या पावसाळ्यात तो खेळ मी कुटुंबासह प्रारंभापासून अखेरपर्यंत पुन्हा खेळलो, आणि बालपणी केवळ आवडलेल्या या वस्तूची थोरवी कशात आहे याचा उलगडा मला त्या निमित्ताने झाला.

नव्वदच्या दशकात उपनगरांतील मुलांच्या हाती जे यंत्र पडत असे, ते बहुधा मूळ निन्टेन्डोचे नसून त्याची नक्कल असे. लॅमिंग्टन रोडवरील किंवा मनीष मार्केटमधील दुकानांतून ते विकत आणावे, अथवा व्हिडिओ लायब्ररीतून एखाद्या दिवसाच्या मुदतीने भाड्याने घ्यावे, अशी तेव्हाची वहिवाट होती. खेळाच्या डबीस आम्ही कॅसेट म्हणत असू आणि हातातील कळफलकास रिमोट. एकाच कॅसेटीत ९९९९९९९ खेळ असल्याचा दाखला तिच्या वेष्टनावर छापलेला असे, आणि आत पाहावे तो तेच मोजके खेळ नावे बदलून पुनःपुन्हा अवतरत. मारिओचा दुसरा भाग अशा मिश्र कॅसेटींत आम्हांस क्वचितच भेटे. तो स्वतंत्र कॅसेटीच्या रूपाने एखाद्याच घरी असायचा, आणि त्या घरची दुपार मग साऱ्या मजल्याच्या मालकीची होई. खेळाची प्रगती जतन करून ठेवण्याची तजवीज त्यात नव्हती. म्हणून सहाव्या मुलखापर्यंत पोचलेल्या मुलांच्या घरची वीज गेली, म्हणजे दिवसभराची सारी कमाई त्या एका क्षणात लयास जाई.

या खेळाच्या वंशावळीविषयी जो वाद रसिकांत दीर्घकाळ चालत आला आहे, त्याची हकीकत अशी. जपानमध्ये १९८६ साली ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ या नावाचा जो खेळ प्रसिद्ध झाला, तो पहिल्याच्याच घडणीचा, परंतु इतका बिकट होता, की निन्टेन्डोच्या अमेरिकेतील शाखेने तो तेथील खेळाडूंस अनुकूल नाही असा निर्णय दिला. इकडे फूजी टेलिव्हिजनने १९८७ च्या उन्हाळ्यात भरवलेल्या ‘युमे कोजो’ या महोत्सवाच्या निमित्ताने निन्टेन्डोने ‘युमे कोजो : दोकी दोकी पॅनिक’ नावाचा एक स्वतंत्र खेळ सिद्ध केला होता. केन्सुके तानाबे हे त्याचे दिग्दर्शक आणि कोजी कोंडो हे त्याचे संगीतकार. अरबी वेषातील एक कुटुंब पुस्तकातील देशात शिरून तेथे अडकलेल्या दोन बालकांची सुटका करते, असे त्याचे कथानक. आणि त्या कुटुंबातील चौघांपैकी कोणाच्याही रूपाने खेळाडूस तो मुलूख ओलांडता येई. या खेळातील चौघांची रूपे पालटून १९८८ च्या ऑक्टोबरात तो अमेरिकेत मारिओचा दुसरा भाग म्हणून प्रसिद्ध झाला: इमाजिन या तरुणाच्या जागी मारिओ आला, मातेच्या जागी लुइजी, पित्याच्या जागी टोड आणि लीना या तरुणीच्या जागी राजकन्या. पुढे १९९२ साली जपाननेही त्याचा ‘सुपर मारिओ यूएसए’ या नावाने स्वीकार केला.

हा मारिओचा औरस वारस नव्हे, असा जो आक्षेप यावरून घेतला जातो, तो मला कधीच ग्राह्य वाटला नाही. दत्तकविधान झालेल्या पुत्राने ज्या घराचे नाव लावले त्या घरात स्वतःच्या गुणांची भर घातली, आणि पुढच्या पिढ्यांनी ते गुण घराण्याचेच म्हणून मिरवले, म्हणजे त्याच्या हक्काविषयी तक्रार करण्यास जागा उरत नाही. आणि येथे नेमके तेच घडले आहे. लुइजी हा मारिओहून उंच आणि किडकिडीत आहे, राजकन्येस हवेत क्षणभर तरंगता येते, या ज्या गोष्टी आज जगभरातील मुले गृहीत धरतात, त्यांचे मूळ या खेळात आहे. २००१ मध्ये हातात मावणाऱ्या गेम बॉय ॲडव्हान्स या यंत्राच्या पदार्पणासाठी याच खेळाचे नवे रूप निवडले गेले, आणि २०१३ च्या ‘सुपर मारिओ थ्रीडी वर्ल्ड’मध्ये हेच चौघे आपापले जुने गुण घेऊन पुन्हा एकत्र आले.

परंतु वंशावळीहून मोठी गोष्ट आहे ती या चौघांच्या स्वभावांची. प्रत्येक टप्प्याच्या आरंभी खेळ थांबतो, चौघांना एका ओळीत उभे करतो आणि आपणांस विचारतो, की या वाटेवर कोणास पाठवायचे. मारिओ सर्व बाबतींत मध्यम आहे, आणि म्हणूनच त्याच्याकडून कोठे घात होत नाही. लुइजीची उडी सर्वांत उंच, परंतु हवेत पाय झाडीत तो ज्या सावकाशीने खाली येतो, तिच्यामुळे त्यास नेमक्या जागी उतरवणे हे कौशल्याचे काम होऊन बसते. टोड ठेंगणा, त्याची उडी सर्वांत तोकडी. पण जमिनीतून वस्तू उपटण्यात आणि वाळू उकरण्यात त्याच्या तोडीचा कोणी नाही, आणि डोक्यावर ओझे असताही त्याचा वेग कमी होत नाही. राजकन्येस ओझे उचलण्यास सर्वांत अधिक वेळ लागतो, परंतु उडी घेतल्यावर सुमारे दीड सेकंद ती हवेत समतल तरंगत राहते, आणि तेवढ्या अवधीत इतरांस दुर्लंघ्य असलेली दरी तिच्यापुरती नाहीशी होते.

यातील मर्म असे आहे, की या चौघांत श्रेष्ठ-कनिष्ठ अशी उतरंड लावताच येत नाही. दुसऱ्या मुलखातील वाळवंटात, जेथे वाळूचे थरच्या थर उकरीत खाली जावे लागते, तेथे टोडचे राज्य असते. चौथ्या मुलखातील बर्फावर, जेथे पाय घसरतो आणि खाली पाणी असते, तेथे राजकन्या सुरक्षित. आणि जेथे वाट वर वर चढते तेथे लुइजी. मुलांच्या घोळक्यात आरंभी राजकन्येस कोणी निवडीत नसे, कारण पहिल्या खेळात ती बंदिवान होती आणि बंदिवानाची भूमिका घेणे मुलग्यांना रुचत नसे. परंतु बर्फाळ मुलुखात मित्रांचे लाइफ एकामागून एक संपू लागले, की तोच घोळका एका आवाजात “राजकन्या घे, राजकन्या घे” असा आग्रह धरी. तीन वर्षांपूर्वीच्या खेळात जिची सुटका हे सर्व पराक्रमाचे प्रयोजन होते, तिनेच येथे इतरांच्या बरोबरीने वाट चालावी, हा पालट त्या काळाच्या मानाने लहान नव्हता.

या मुलखातील व्यवहाराची रीतही पहिल्या खेळाहून निराळी आहे. तेथे शत्रूच्या डोक्यावर उडी घेतली की तो चिरडला जाई. येथे त्याच्या डोक्यावर नुसते उभे राहता येते, त्याच्यासह प्रवास करता येतो, आणि मनात आले तर त्यास उचलून दुसऱ्यावर फेकता येते. बर्डो नावाचे प्राणी तोंडातून अंडी फेकतात. ती अंडी वरच्यावर झेलून त्यांच्यावरच परत फेकावयाची, आणि एके ठिकाणी तर त्या अंड्यावर उभे राहून पाणी ओलांडावयाचे, ही कल्पनाच विलक्षण आहे. बंद दाराची किल्ली उचलताच फॅन्टो नावाचा मुखवटा भिंतीवरून सुटून पाठलाग करू लागतो आणि किल्ली टाकून दिली तरच माघार घेतो. त्या मुखवट्याचे भय आमच्या पिढीतील अनेकांच्या मनात आजही जिवंत आहे. जमिनीतून उपटण्याजोगे बहुतेक जे निघते ते भाजीपाला असते, आणि शेवटच्या वॉर्ट या राक्षसाचा पराभवही त्याच्या उघड्या तोंडात भाजी फेकूनच होतो: पहिल्या पावलास जे साधन हाती आले तेच अखेरच्या युद्धात कामी यावे, इतकी एकसूत्री रचना मी फार थोड्या खेळांत पाहिली आहे.

इंद्रलोकच्या घरी आम्ही खेळावयास बसलो तेव्हा निवड आपोआप झाली, आणि ती मला अपेक्षित होती तशी झाली नाही. मुलीने टोडवर हक्क सांगितला, कारण तिला थांबणे सोसत नाही. पत्नीने लुइजी घेतला आणि त्याच्या लांबलचक उडीचा अंदाज माझ्याआधी आत्मसात केला. मारिओ माझ्या वाट्यास आला. वडिलांच्या बोटांना आता पूर्वीची चपळाई नाही, म्हणून मुलगी त्यांना म्हणाली, “आजोबा, तुम्ही राजकन्या घ्या, ती वेळ देते.” आणि खरोखरच त्या दीड सेकंदाच्या अवकाशात विचार करून, कोठे उतरावयाचे ते ठरवून, त्यांनी बर्फाळ मुलूख आमच्याहून कमी हानीत पार केला. आजच्या यंत्रावर खेळ हवा तेथे थांबवून जतन करण्याची, इतकेच नव्हे तर चुकलेला क्षण मागे फिरवण्याची सोय आहे. थांबण्याची सोय आम्ही आनंदाने पत्करली; मागे फिरण्याची मात्र कोणीच वापरली नाही, कारण कोणास पाठवावे या निवडीचे सारे मोल ती निवड निभावून नेण्यात आहे, असे सर्वांचेच मत पडले.

एकंदर सात मुलूख आणि वीस टप्पे संपल्यावर हा खेळ आपला हिशेब मांडतो: चौघांपैकी कोणी किती टप्पे पार केले, त्याचे आकडे नावांनिशी पडद्यावर येतात. त्यानंतर मारिओ आपल्या शय्येवर निद्रिस्त दिसतो आणि घडले ते सर्व स्वप्न होते असे कळते. या शेवटामुळे कित्येकांचा विरस होतो. परंतु माझे समाधान त्या हिशेबानेच होते. ‘दोकी दोकी पॅनिक’चा खरा शेवट पाहण्यासाठी चौघांपैकी प्रत्येकाने संपूर्ण प्रवास करणे आवश्यक होते; अमेरिकी आवृत्तीने ती सक्ती काढून टाकली आणि तिच्या जागी स्वेच्छा ठेवली. एकाच आवडत्या पात्राने सारा प्रवास करणाऱ्याच्या नावापुढे वीस आणि इतरांपुढे शून्य असे आकडे येतात, व त्यासाठी खेळ त्याला काही दंड करीत नाही. परंतु त्या तीन शून्यांत तीन न पाहिलेले मुलूख आहेत, हे त्याच्या लक्षात यावे एवढी जागा तो अवश्य राखतो.

म्हणून हा खेळ ज्यांनी बालपणी खेळला असेल त्यांना माझी विनंती आहे, की त्यांनी तो पुन्हा हाती घ्यावा, आणि घेताना आपल्या जुन्या आवडत्या पात्रास या खेपेस विश्रांती देऊन, ज्यास त्यांनी कधीच निवडले नाही त्याच्याकडे पहिला टप्पा सोपवावा. तीच भूमी, तेच शत्रू, तीच दारे असूनही चाल बदलली की वाट किती पालटते, आणि ज्यास आपण दुबळा समजलो त्याच्याजवळ आपल्यास ठाऊक नसलेली कोणती शक्ती होती, हे ज्ञान इतक्या आनंदात देणारे दुसरे खेळणे माझ्या पाहण्यात नाही.